तीनशे डॉलरांत रायफलीचा स्कोप : ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेणाऱ्या माणसाचे पैसे बहुधा रायफलीपाशीच संपत येतात. बोल्ट ॲक्शनची (प्रत्येक बारानंतर हाताने खिटी ओढायची) साधी आणि भरवशाची रायफल चारशे-पाचशे डॉलरांना पडते, त्यावर परवाना, नारिंगी जाकीट, बूट आणि काडतुसे यांचा खर्च होतो, आणि स्कोपसाठी, म्हणजे रायफलीवर बसवून नेम धरायच्या दुर्बिणीसाठी, हातात जेमतेम तीनशे डॉलर उरतात. एवढ्या पैशांत काय घ्यावे, याविषयीचे माझे मत आधीच सांगून टाकतो : ल्यूपोल्ड कंपनीचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारा, ४० मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाचा) हा स्कोप साध्या ड्युप्लेक्स फुलीसह, म्हणजे नेमासाठी आत दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेघांसह, घ्यावा, आणि उरलेल्या रकमेत स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या चांगल्या रिंगा घ्याव्यात. पूर्व पेनसिल्व्हेनियातील रानांत हा स्कोप मी .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या रायफलीवर वापरत आलो आहे, आणि याच गटातील त्याचा सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी, म्हणजे व्हॉर्टेक्सचा क्रॉसफायर-२ ३-९×४०, त्याच्या शेजारी ठेवून निरनिराळ्या उजेडांत पाहिला आहे. पुढील मजकूर त्या तुलनेवर आधारलेला आहे.

शिकार मुळात करावी का, या महाराष्ट्रातील वाचकांच्या मनात येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात शिकारीला वाव उरलेला नाही, आणि तो नसणेच योग्य आहे. पेनसिल्व्हेनियात परिस्थिती वेगळी आहे. तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे मोठ्या संख्येने आहेत, त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम राज्याचे गेम कमिशन परवान्यांच्या माध्यमातून करते, आणि १८९५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा खर्च मुख्यतः परवान्यांच्या शुल्कासारख्या उत्पन्नातून भागतो. पहिला परवाना मिळण्यापूर्वी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मारलेल्या हरणाचे मांस घरात वर्षभर पुरते आणि ते वाया घालवले जात नाही. त्यामुळे बार नेमका लागावा, जनावर जखमी होऊन रानात तडफडत फिरू नये, ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी ठरते. स्कोपच्या निवडीचा विचार मी त्याच जबाबदारीच्या अंगाने करतो.

पेनसिल्व्हेनियात रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी सुरू होतो. २०१९ पूर्वी तो सोमवारी सुरू होत असे. त्या दिवसांत पूर्व भागात सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळतो, आणि नियमाप्रमाणे सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. हरणांची वर्दळ नेमकी याच दोन कडांवर असते. दुपारभर मचाणावर बसून एक पानही हललेले दिसत नाही, आणि सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी हेमलॉक वृक्षांच्या काळोख्या रांगेतून एक करडी आकृती बाहेर येते. अंतर साठ-सत्तर यार्डांचे असते, क्वचित १०० च्या पुढे जाते, कारण ओक आणि मेपलच्या दाट रानात त्याहून लांबचे काही दिसतच नाही. या दोन गोष्टी लक्षात घेतल्या की स्वस्त स्कोपकडून काय मागायचे हे स्पष्ट होते. लांबचे जवळ आणण्याची येथे फारशी गरज पडत नाही. अंधूक उजेडात करड्या पार्श्वभूमीवर करडे जनावर ओळखू यावे, आणि त्यावरची फुली दिसत राहावी, यासाठी आपण पैसे मोजत असतो.

या कसोटीवर बाजारातील बहुतांश स्वस्त माल बाद होतो. शंभर डॉलरांच्या आत ४-१६ किंवा ६-२४ पट मोठे दाखवणारे, ५० मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाचे, लाल-हिरव्या प्रकाशात उजळणाऱ्या फुलीचे स्कोप सर्रास मिळतात, आणि नवख्या माणसाला ते तीनशे डॉलरांच्या साध्या स्कोपपेक्षा सरस वाटतात. परंतु एकाच कारखानदाराला ठरावीक रकमेत भिंगे, यंत्रणा, दिवा आणि मोठी नळी एवढे सगळे बसवायचे असेल, तर काटकसर कोठे होते ते सांगायला नको. ती भिंगांवरील लेपांत होते आणि आतील स्प्रिंगांत होते, म्हणजे नेमकी जी जागा डोळ्यांना दिसत नाही तेथे होते.

लेपांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. एखाद्या स्कोपमध्ये आठ भिंगे असतील, तर पृष्ठभाग सोळा झाले; प्रत्येक ठिकाणी चार टक्के गळती धरली तर शेवटी डोळ्यापर्यंत निम्म्याहून थोडाच अधिक, म्हणजे ५२ टक्के प्रकाश पोहोचतो. हीच गळती चांगल्या बहुस्तरीय लेपांनी अर्ध्या टक्क्यावर आणली, तर ९२ टक्के प्रकाश पोहोचतो. शिवाय वाया गेलेला प्रकाश नुसता नाहीसा होत नाही. तो नळीत इकडेतिकडे आपटत राहतो आणि चित्रावर दुधी झाक आणतो, ज्यामुळे करडे आणि तपकिरी यांतला फरक पुसला जातो. म्हणून खोक्यावरचे शब्द बारकाईने वाचावेत. नुसते ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांना एक थर. ‘फुली कोटेड’ (येथे ‘फुली’ हा इंग्रजी शब्द, अर्थ ‘पूर्णपणे’) म्हणजे हवेच्या संपर्कातील सर्व पृष्ठभागांना एक थर. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांना अनेक थर. आणि ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे सर्वांना अनेक थर. या शेवटच्या पायरीच्या खालचा स्कोप घेऊ नये. व्हीएक्स-फ्रीडम आणि क्रॉसफायर-२ हे दोन्ही त्या पायरीवर आहेत. लेपांचा दर्जाही कमीअधिक असतो, हे मात्र खोक्यावरून कळत नाही आणि त्यासाठी प्रत्यक्ष पाहावे लागते.

पाहण्याची जागा दुकानाच्या आतली नसते. हॅम्बर्ग गावाजवळच्या कबेलाजसारख्या प्रचंड दुकानात छतावरील पांढऱ्या दिव्यांच्या झगझगाटात दीडशे डॉलरांचा आणि पंधराशे डॉलरांचा स्कोप जवळजवळ सारखेच दिसतात. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या लहान दुकानात नोव्हेंबरमध्ये सायंकाळी साडेचारनंतर जावे आणि मालकाला विनंती करून दोन स्कोप दारापर्यंत आणावेत. मी ज्या दुकानातून घेतला तेथील वृद्ध मालकांनी स्वतःच स्कोप हातात देऊन मला मागच्या अंगणात नेले. दोन्ही स्कोप सहा पटींवर ठेवले. समोर सुमारे ऐंशी यार्डांवर स्प्रूस वृक्षांची रांग होती आणि तिच्या बुंध्याशी लाकडांची रास रचलेली होती. सूर्य मावळल्यावर पहिली दहा मिनिटे दोहोंतून सारखेच दिसत होते. त्यानंतर क्रॉसफायरमध्ये ओंडक्यांच्या कापलेल्या फिकट टोकांची वर्तुळे दिसत राहिली, पण त्यांच्या मधल्या सावल्या एकमेकींत मिसळू लागल्या. व्हीएक्स-फ्रीडममध्ये सालीच्या भेगा आणखी काही मिनिटे वेगळ्या काढता येत होत्या. आकाशाचा पश्चिमेकडील उजळ भाग चौकटीच्या कडेला आणल्यावर फरक अधिक जाणवला : एकात चित्रावर पातळ पांढुरके धुके आले, दुसऱ्यात ते पुष्कळ कमी होते. फरक थोडक्या मिनिटांचा आहे आणि मी तो वाढवून सांगत नाही, पण शिकारीच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत मोलाची मिनिटे तीच असतात.

पुढच्या भिंगाच्या आकाराविषयी खूप गैरसमज आहेत. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, असा भागाकार केला की स्कोपच्या डोळ्याकडील टोकातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरचे भिंग पाच पटींवर ८ मिलिमीटरची चकती देते, नऊ पटींवर सुमारे साडेचार मिलिमीटरची. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीच्या आसपास ती पाचेक मिलिमीटरपर्यंतच उघडते. तेव्हा संध्याकाळी पट कमी करून पाच-सहावर आणले की ४० मिलिमीटरचे भिंग डोळ्याला घेता येईल तेवढा सगळा प्रकाश देते, आणि त्याहून मोठ्या भिंगाचा लाभ डोळ्यालाच घेता येत नाही. ५० मिलिमीटरचे भिंग मात्र स्कोप उंच बसवायला लावते, उंच स्कोपमुळे गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, आणि गाल टेकलेला नसला की नेम हलतो. अंधार पडताना पट वाढवण्याकडे नवशिक्याचा हात जातो. सवयीने तो उलट दिशेला वळवला पाहिजे.

आता पटांविषयी. नावात ३-९ असले तरी ल्यूपोल्ड स्वतःच्या माहितीपत्रकात प्रत्यक्ष पट ३.३ ते ८.५ असे देते, हा प्रामाणिकपणा मला आवडला. खालच्या टोकाला १०० यार्डांवर सुमारे ३३ फूट रुंदीचे दृश्य दिसते, त्यामुळे झुडपांतून एकाएकी निघालेले हरीण चौकटीत पकडणे सोपे जाते. रानात चालताना स्कोप नेहमी तीन पटींवर ठेवावा. हरीण दूर असेल तर पट वाढवायला वेळ मिळतो, ते वीस यार्डांवर उठले तर कमी करायला मिळत नाही. वरच्या टोकाचा उपयोग मला चांदमारीच्या मैदानावरच अधिक होतो. सोळा किंवा चोवीस पटींची गरज या रानांत पडत नाही.

पॅरॅलॅक्सचा मुद्दा थोडा तांत्रिक आहे, पण त्यावर पैसे वाचतात म्हणून लिहितो. डोळा भिंगाच्या मध्यापासून सरकला की फुलीही लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते, आणि हा दोष एका ठरावीक अंतरावरच शून्य असतो. ल्यूपोल्डच्या अशा साध्या स्कोपमध्ये ते अंतर कारखान्यातच १५० यार्डांवर बसवलेले असते, व्हॉर्टेक्सच्या क्रॉसफायरमध्ये १०० यार्डांवर. बाजूला गुंडी असलेले, अंतरानुसार जुळवता येणारे स्कोप महाग असतात. ती गुंडी नसल्याने किती बिघडते? १५० यार्डांवर बसवलेल्या ४० मिलिमीटरच्या स्कोपमधून ५० यार्डांवरील लक्ष्य पाहताना डोळा अगदी कडेपर्यंत सरकला, तरी चूक सुमारे १३ मिलिमीटरची होते; ३०० यार्डांवर ती सुमारे २० मिलिमीटर. हरणाच्या छातीतील मर्मस्थानाचा व्यास वीसेक सेंटिमीटर धरतात. तेव्हा शिकारीसाठी त्या गुंडीवर पैसे घालवण्याचे कारण उरत नाही.

डोळा आणि भिंग यांतील अंतर मात्र काळजीपूर्वक पाहावे. .३०८ किंवा .३०-०६ च्या रायफलीचा धक्का खांद्याला चांगलाच बसतो, आणि स्कोप डोळ्याच्या फार जवळ असेल तर त्याची कड भुवईवर आदळून रक्ताळलेली चंद्रकोर उमटवते. व्हीएक्स-फ्रीडममध्ये हे अंतर खालच्या पटांवर ४.२ इंच आणि वरच्या पटांवर ३.७ इंच आहे. क्रॉसफायर-२ मध्ये ३.८ इंच दिलेले आहे. दोन्ही सुरक्षित आहेत. स्वस्त आणि जास्त पटांच्या स्कोपमध्ये ते तीन इंचांच्या आसपास येते, आणि वर चढाच्या दिशेने बार टाकताना, जेव्हा डोके नकळत पुढे जाते, तेव्हा ते कमी पडते.

फुली साधी असावी असे मी आग्रहाने सांगेन. ल्यूपोल्डने १९६२ मध्ये आणलेली ड्युप्लेक्स फुली, जिच्या चार भुजा बाहेर जाड आणि मध्याकडे बारीक असतात, आज जवळजवळ प्रत्येक कंपनी कोणत्या ना कोणत्या नावाने देते, आणि ते सकारण आहे : अंधार झाला की मधल्या बारीक रेषा नाहीशा होतात, पण जाड भुजा नजरेला मध्याकडे नेत राहतात. लांबच्या अंतरासाठी खाली ठिपके किंवा आडव्या रेघा असलेली फुली त्याच किमतीत मिळते आणि मोह होतो. १५० ग्रेनच्या (सुमारे पावणेदहा ग्रॅमच्या) गोळीची .३०८ ची रायफल २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमाच्याच जागी लागेल अशी जुळवली, तर १०० यार्डांवर गोळी सुमारे दोन इंच वर लागते आणि ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली. म्हणजे २०० यार्डांच्या पलीकडेही थोड्या अंतरापर्यंत सरळ छातीच्या मध्यावर नेम धरला तरी चालते, आणि रानातले बार त्याच्या निम्म्या अंतरावर होतात. ठिपक्यांचा गोंधळ हवा कशाला?

आतील यंत्रणेची परीक्षा गोळ्या झाडूनच होते. फुली वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या गुंड्यांचा प्रत्येक टिचका पाव मिनिट कोनाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० यार्डांवर पाव इंचाच्या किंचित अधिक सरकवणारा असतो. १०० यार्डांवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल स्थिर ठेवून एक गोळी झाडावी; मग नेम त्याच ठिपक्यावर धरून वीस टिचके वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे असे प्रत्येक वेळी एक गोळी झाडत जावे. चौकोनाची प्रत्येक बाजू सव्वापाच इंचांच्या जवळपास यावी आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी पडावी. माझ्या स्कोपने ही परीक्षा स्वच्छ पार केली, आणि हंगामाअखेरीस पुन्हा घेतली तेव्हाही झिरो जागेवर होता. टिचके हाताला स्पष्ट लागतात. थंडीत पातळ हातमोजे घालूनही मोजता येतात. ज्या स्कोपच्या गुंड्या लोण्यासारख्या फिरतात आणि मोजताच येत नाहीत, तो दुकानातच परत ठेवावा.

वजनाच्या बाबतीत ल्यूपोल्ड पुढे आहे. तो १२.२ औंस, म्हणजे सुमारे ३४५ ग्रॅमचा आहे. क्रॉसफायर-२ सुमारे १५ औंस, म्हणजे ४२५ ग्रॅमचा. ऐंशी ग्रॅमचा फरक टेबलावर काहीच वाटत नाही, पण वजन रायफलीच्या माथ्यावर असते, आणि दिवसभर डोंगरउतारावर फिरल्यावर खांद्याला कळते. किमतीत पारडे व्हॉर्टेक्सकडे झुकते : तो दीडशे डॉलरांच्या आसपास मिळतो, तर व्हीएक्स-फ्रीडमला सवलतीत दोनशे आणि एरवी अडीचशे ते तीनशे मोजावे लागतात. ल्यूपोल्ड ओरेगन राज्यातील बीव्हर्टन येथे जुळवला जातो, क्रॉसफायर चीनमध्ये तयार होतो. दोन्ही कंपन्यांची हमी आजीवन आहे, मालक बदलला तरी लागू राहते आणि पावतीही मागत नाहीत. म्हणून वापरलेला स्कोप घेण्यातही धोका कमी असतो. ज्याच्याजवळ सगळे मिळून दोनशेच डॉलर आहेत, त्याने क्रॉसफायर घ्यावा आणि निश्चिंतपणे शिकारीला जावे. संध्याकाळची शेवटची काही मिनिटे सोडली तर त्याचे काही अडणार नाही. निकॉनने स्कोपचा व्यवसाय काही वर्षांपूर्वी सोडला असला तरी तिचे जुने प्रोस्टाफ आणि मोनार्क अजून हाताळलेल्या मालात दिसतात व भिंगे चांगली असतात, मात्र नवे मॉडेल येणार नाही हे ध्यानात ठेवून किंमत ठरवावी. संकेतस्थळांवर निम्म्या किमतीत दिसणाऱ्या ‘नव्या’ ल्यूपोल्डपासून दूर राहावे, कारण या नावाचा बनावट माल बाजारात आहे आणि त्याला कंपनीची हमी लागू होत नाही.

आता रिंगांकडे वळतो, कारण चांगल्या स्कोपची बदनामी बहुतेक वेळा त्यांच्यामुळे होते. ‘स्कोप झिरो धरत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याच्या रायफलीवर पहिल्यांदा बेसचे, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात त्या रायफलीवरील पट्टीचे, स्क्रू तपासावेत. रायफलीवरील स्क्रूची भोके कारखान्यातून तेलकट येतात. ती अल्कोहोलने स्वच्छ पुसून, कोरडी करून, बेसच्या स्क्रूंना थेंबभर निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावा. रिंगा स्टीलच्या किंवा चांगल्या ॲल्युमिनियमच्या, चाळीस-पन्नास डॉलरांच्या असाव्यात, आणि पुढचे भिंग रायफलीच्या नळीला घासणार नाही एवढ्याच उंचीच्या असाव्यात. रिंगांचे स्क्रू अंदाजाने आवळू नयेत. रिंगांच्या उत्पादकाने दिलेला आकडा, जो व्हॉर्टेक्सच्या रिंगांसाठी १५ ते १८ इंच-पाउंड आहे, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पाळावा. अधिक आवळले तर स्कोपची पातळ नळी दबते आणि आतील भिंगांची जागा हलते. ही रेंच मित्राकडून उसनी मिळाली तरी चालते.

बसवताना शिकारीचे जाड जाकीट अंगात घालावे, कारण कपड्यांच्या जाडीने डोळ्याचे अंतर बदलते. पट सर्वांत वर ठेवावेत, डोळे मिटून रिकामी रायफल खांद्याला लावावी, गाल जिथे आपोआप टेकेल तिथे टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. चित्र कडेपर्यंत भरलेले दिसले, भोवती काळे कडे दिसले नाही, की जागा बरोबर आहे. फुली सरळ करण्यासाठी मी ओळंबा वापरतो : अंगणाच्या टोकाला दोरीला वजन बांधून सोडतो, रायफल पाणपातळीने आडवी करतो आणि फुलीची उभी रेघ त्या दोरीशी जुळवून मगच रिंगा आवळतो. त्यानंतर बोल्ट काढून रायफलीच्या नळीतून २५ यार्डांवरील खुणेकडे पाहावे, खूण नळीच्या मध्यात ठेवून रायफल न हलवता गुंड्यांनी फुली त्याच खुणेवर आणावी. एवढे केले की पहिलीच गोळी कागदावर पडते. २५ यार्डांवर एक इंच सरकवायला सोळा टिचके लागतात, १०० यार्डांवर चार, हे लिहून ठेवावे. काडतुसे महाग आहेत. या रीतीने झिरो करायला थोडीच लागतात, आणि वाचलेली सरावाला उपयोगी पडतात. शिकारीसाठी ज्या काडतुसांनी झिरो केले तीच वापरावीत. दुसऱ्या वजनाच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या गोळीचा मारा वेगळ्या जागी पडतो.

कडाक्याच्या थंडीत धुके धरण्याविषयी विचारणा होते. स्कोपच्या नळीच्या आत कोरडा वायू भरलेला असल्याने आतून दव धरत नाही, पण बाहेरच्या भिंगावर स्वतःचा श्वास पडला तर ते क्षणात पांढरे होते. रिकामी रायफल रात्री उबदार घरात ठेवण्यापेक्षा कुलूपबंद थंड गॅरेजमध्ये ठेवावी, झाकणे लावलेली ठेवावीत आणि श्वास तोंडाने खाली सोडावा.

स्कोपच्या बरोबरीने साधी हातदुर्बीण हवीच, आणि ही सूचना मी सर्वांत गांभीर्याने करतो. स्कोपमधून एखादी हालचाल निरखणे म्हणजे भरलेली रायफल त्या हालचालीवर रोखणे होय, आणि झुडपामागे माणूस असू शकतो. नियमानुसार डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झळझळीत नारिंगी रंग अंगावर असावा लागतो, तरी दाट फांद्यांत तो झाकला जातो. शिवाय २००२ पासून पेनसिल्व्हेनियात नराच्या शिंगांच्या टोकांची किमान संख्या ठरलेली असून ती प्रत्यक्ष मोजूनच बार टाकावा लागतो. ते मोजणे हातदुर्बिणीने करायचे असते. तीनशे डॉलरांत तीही बसवायची असेल तर क्रॉसफायर आणि शंभराच्या आतली साधी ८×४२ हातदुर्बीण हा जोड मी ल्यूपोल्डच्या एकट्या स्कोपपेक्षा वरचा मानेन.

कायद्याच्या दोन बाबी अमेरिकेतील मराठी वाचकांना उपयोगी पडतील. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना तेथील संघीय कायद्याने बंदूक व काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे, म्हणून परवाना आधी आणि रायफल नंतर असा क्रम ठेवावा. ग्रीन कार्डधारकांना हे बंधन नाही. नुसता स्कोप विकत घ्यायला कोणतीही परवानगी लागत नाही, मात्र तो अमेरिकेबाहेर नेण्यावर निर्यात नियमांचे नियंत्रण आहे, त्यामुळे भेट म्हणून बॅगेत टाकून तो भारतात नेऊ नये.

फिलाडेल्फियाच्या आसपासच्या चेस्टर, माँटगोमेरी, बक्स या काउंट्यांत आपली वस्ती मोठी आहे, आणि तेथील वाचकांसाठी ही शिफारस थोडी बदलते. तो भाग विशेष नियमांच्या क्षेत्रात मोडतो आणि तेथे हरणासाठी सेंटरफायर रायफल (म्हणजे .३०८ सारखी) चालत नाही. स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी) झाडणारी शॉटगन किंवा तोंडाकडून भरायची बंदूक वापरावी लागते. अंतरे आणखी कमी आणि धक्का अधिक असतो. अशा बंदुकीवर नऊ पटींचे ओझे वाहण्याऐवजी याच मालिकेतील २-७×३३ घ्यावा, डोळ्याचे अंतर बसवताना आणखी थोडे जास्त ठेवावे, आणि झिरो ५० यार्डांवर करावा.